क्रिस्को म्हणजे काय? (बुद्ध्यांक चाचण्या आणि त्यांनी मठ्ठ ठरवलेली माणसं)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

आधी तीन प्रश्न, गूगल न करता सोडवायचे.

क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ?
क्रिस्टी मॅथ्यूसन कोण? लेखक, चित्रकार, बेसबॉल खेळाडू की विनोदी नट?
वॉशिंग्टनला जसा ॲडम्स, तसा 'पहिला'ला कोण?

नाही ना आलं? मग १९१७ सालच्या अमेरिकन सैन्याच्या हिशोबात तुमची बुद्धी तेवढी कमी भरली. पहिल्या महायुद्धात उतरताना त्यांनी जवळपास साडेसतरा लाख रंगरुटांची चाचणी घेतली, रॉबर्ट यर्क्स हे मानसशास्त्रज्ञ त्यातले मुख्य. वाचता येणाऱ्यांना 'आर्मी अल्फा', आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा इंग्रजीच कळत नाही त्यांना चित्रांची 'आर्मी बीटा'. वरचे प्रश्न अल्फातले आहेत. मॅथ्यूसन बेसबॉल खेळाडू; वॉशिंग्टन अमेरिकेचा पहिला अध्यक्ष आणि ॲडम्स दुसरा, म्हणून तिसऱ्याचं उत्तर 'दुसरा'. क्रिस्को म्हणजे डब्यात मिळणारं वनस्पती तुपासारखं प्रॉडक्ट, १९११ मध्ये बाजारात आलेलं, म्हणजे परीक्षेच्या वेळी उणंपुरं सहा वर्षांचं. ज्याच्या घरात तो डबा आला नाही त्याला डोकं कमी, हे तिथे बसलेल्या एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांपैकी कुणालाच खटकलं नसेल का, हे मला अजून कळत नाही.

बीटा तर त्याहून भारी. सूचना सगळ्या खाणाखुणांनी द्यायच्या, आणि समोर बसलेल्यांपैकी कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. त्यात एक भाग होता 'चित्रात काय राहिलंय ते काढा'. टेनिस कोर्टला जाळी नाही, विजेच्या दिव्यात तार नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, असं. एका चित्रात घर आहे आणि त्याला धुराडं नाही. सिसिलीहून आलेल्या एका रंगरुटाने तिथे क्रूस काढला कारण त्याच्या गावाकडे घरावर क्रूस असायचाच, असा किस्सा त्या चाचण्यांबद्दल सांगितला जातो. उत्तर अर्थातच चूक धरलं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझं कामच शाळकरी मुलांच्या चाचण्या घेण्याचं आहे. मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला विचारलं, रस्त्यात कुणाचं पाकीट पडलेलं दिसलं तर काय करशील. तो म्हणाला, "हात लावणार नाही." का रे? "लावला तर मीच चोरलं म्हणतील." एक क्षणही थांबला नाही तो. मॅन्युअलमधली पूर्ण गुणांची उत्तरं सगळी 'ज्याचं त्याला परत देईन, मोठ्या माणसाकडे देईन' या वळणाची. मी पेन्सिल घेऊन चौकटीवर नुसती बसून राहिले आणि तो माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होता.

तर तुम्हाला काय वाटतं, खोट प्रश्नांत आहे की आणखी कुठे?


तिरकस

तिन्ही प्रश्नांत सपशेल नापास. बायको म्हणते यासाठी परीक्षा कशाला घ्यायला हवी होती :)

धागा झकास, पुढच्या लेखनाला शुभेच्छा.


संख्यावेडा

ताई, लेखन छान आहे पण एक खटकलं म्हणून लिहितो, राग मानू नका. क्रिस्को, मॅथ्यूसन ही उदाहरणं प्रत्येक लेखात येतात कारण ती हसण्यासारखी आहेत. ती अल्फाच्या आठ भागांपैकी एका 'सामान्य माहिती'च्या भागातली आहेत, बाकी गणितं होती, वाक्यांची जुळवाजुळव होती, आकड्यांच्या मालिका होत्या. तेवढ्या एका भागावरून सगळीच परीक्षा बाद करायची म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि तेही शित आपणच निवडायचं.

दुसरं असं की प्रश्न नुसता वाचून तो पक्षपाती आहे की नाही हे कळत नाही. वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीत एक गाजलेला प्रश्न आहे, तुझ्यापेक्षा खूप लहान मुलगा तुझ्याशी भांडायला आला तर काय करशील. अमेरिकेत कित्येक जण म्हणायचे की हा प्रश्न कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांवर अन्याय करणारा आहे, तिथे मार खाऊन गप्प बसणं म्हणजे शहाणपण नव्हे. प्रत्यक्ष उत्तरपत्रिका तपासल्या तर इतर प्रश्नांच्या तुलनेत तो त्या मुलांना उलट सोपाच गेलेला. म्हणजे बघून अंदाज करणाऱ्यांचा अंदाज चुकला.

आणि १९८० मध्ये आर्थर जेन्सनने मोठा ग्रंथ लिहून दाखवलं की अमेरिकेत जन्मलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या गटांच्या बाबतीत शाळेतल्या यशाचा अंदाज या चाचण्या साधारण सारख्याच अचूकतेने देतात. जेन्सनची बाकीची मतं (वंशांमधला बुद्ध्यांकाचा फरक बराचसा आनुवंशिक आहे वगैरे) मला अजिबात पटत नाहीत हे आधीच सांगून ठेवतो नाहीतर खाली तलवारी निघतील.


पाटीपेन्सिल

राग कसला, म्हणूनच तर धागा काढला. पण चाचणी शाळेतल्या मार्कांचा अंदाज बरोबर देते याचा अर्थ एवढाच ना की शाळा आणि चाचणी दोन्ही एकाच मापाने मोजतात? एका घड्याळावरून दुसरं लावलं आणि मग दोन्हींची वेळ जुळते म्हणून खूश झालो, असं नाही का होत ते?


संख्यावेडा

होतं. पण शाळेत मुलाला मदत लागणार आहे का एवढंच ठरवायचं असेल तर तेच घड्याळ उपयोगाचं नाही का? पहिली बुद्धिचाचणी काढणाऱ्या बिनेला तेवढंच तर करायचं होतं.


रातकिडा

उशीर झाला यायला. पाटीपेन्सिल यांनी शेवटी विचारलंय ना खोट कुठे, त्याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर प्रश्नपत्रिकेत नाही, निकाल वाचणाऱ्या एका माणसात आहे. कार्ल ब्रिगम. यर्क्सच्याच सैन्याच्या आकड्यांवर त्यांनी १९२३ मध्ये अमेरिकन बुद्धिमत्तेवर पुस्तक काढलं.

त्यांनी परदेशात जन्मलेल्या रंगरुटांचे, अमेरिकेत येऊन किती वर्षं झाली त्यावरून गट पाडले. शून्य ते पाच वर्षं, सहा ते दहा, असं करत वीसच्या वर. आणि आकडे बघा काय म्हणतात, जितकी वर्षं जास्त तितके गुण जास्त, वीस वर्षांच्या वर राहिलेल्यांचे गुण तर अमेरिकेतच जन्मलेल्या गोऱ्यांच्या बरोबरीला आलेले. आता हे तुमच्यामाझ्यासमोर ठेवलं तर आपण काय म्हणू? की बाबा, ही परीक्षा अमेरिकेची ओळख किती झालीय ते मोजतेय. भाषा आली, बेसबॉल कळला, क्रिस्कोचा डबा घरात आला, गुण वाढले. शेंबड्या पोरालाही कळेल.

ब्रिगमने काय म्हणावं? की वीस वर्षांपूर्वी आले ते उत्तर युरोपातले उच्च प्रतीचे लोक होते, आणि अलीकडे येतायत ते दक्षिण आणि पूर्व युरोपातले हलक्या प्रतीचे, म्हणून नव्यांचे गुण कमी. म्हणजे परीक्षेचा दोष उघड करणारा तक्ता त्यांनी वंशाचा पुरावा म्हणून छापला! प्रश्नपत्रिका कितीही निर्दोष करा, असा वाचणारा असेल तर काय उपयोग.

जाता जाता, याच ब्रिगमने नंतर कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा तयार केली, १९२६ ची पहिली. आणि १९३० मध्ये छापील कबुली दिली की आपल्या त्या अभ्यासाला आधार नव्हता. हे मात्र मानलं पाहिजे, एवढं स्पष्ट लिहायला हिंमत लागते. पण मधल्या काळात १९२४ चा स्थलांतर कायदा होऊन गेला होता, १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक त्याच्या दोन टक्के एवढाच कोटा. १८९० का, तर तेव्हा इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू अजून फारसे आलेलेच नव्हते.


संख्यावेडा

+१, ब्रिगमचा तक्ता मी विसरलोच होतो. फक्त १९२४ च्या कायद्याचं खापर एकट्या चाचण्यांवर फोडू नका. १९८३ मध्ये स्नायडरमन आणि हर्नस्टाइन यांनी संसदेतल्या चर्चा आणि साक्षी धुंडाळून दाखवलं की चाचण्यांचा उल्लेख तिथे फार थोडा आहे. लोकांना कायदा हवाच होता, त्यासाठी आयक्यूची वाट बघत कुणी बसलं नव्हतं.


रातकिडा

मान्य. पण हवं असलेलं आधीच ठरलेलं, आणि मग जवळ पडलेला आकडा उचलायचा, हे जास्त वाईट नाही का? बरं, तोच सैन्याचा तक्ता उलटा वाचणाराही निघाला की. होरेस मान बाँड, तरुण कृष्णवर्णीय अभ्यासक, १९२४ मध्ये त्याने दाखवलं की उत्तरेतल्या इलिनॉयसारख्या राज्यातल्या कृष्णवर्णीय रंगरुटांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्या रंगरुटांपेक्षा वर आहेत. वंशच मोजला जात असेल तर हे कसं? शाळा कुठे चांगल्या होत्या ते मोजलं गेलंय. आकडे तेच, कागद तोच. आणि वॉल्टर लिपमन हा पत्रकार १९२२ मध्येच टर्मन या चाचण्या काढणाऱ्या मानसशास्त्रज्ञाशी मासिकात कडाकडा भांडला होता, की तुम्ही बुद्धी मोजताय याला पुरावा काय, तुम्ही तुमच्या कोड्यांत कोण हुशार ते मोजताय.


मर्द मावळा ९६

हे सगळं पाश्चात्यांचं कारस्थान आहे. आपल्याला कमी लेखायला काढलेल्या परीक्षा. बंदी घाला सरसकट.


पाटीपेन्सिल

दादा, पहिली चाचणी काढणारे बिनेही पाश्चात्यच होते, आणि त्यांच्यासारखा सावध माणूस नंतर झाला नाही म्हणून हे सगळं घडलं. पॅरिसमध्ये शाळा सक्तीच्या झाल्या, मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची म्हणून सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली, त्यातून बिने आणि सायमन यांची १९०५ ची तीस प्रश्नांची चाचणी आली. बिने म्हणायचे की मुलाची बुद्धी म्हणजे ठरलेली, न वाढणारी रक्कम आहे असं मानणं हा क्रूर निराशावाद आहे. ते १९११ मध्ये गेले. पुढे टर्मनने १९१६ मध्ये स्टॅनफर्डची आवृत्ती काढली आणि एक आकडा घेऊन मुलाच्या कपाळावर चिकटवायची सोय झाली.

तरी बिनेही काही धुतल्या तांदळाचे नव्हेत हां. त्यांच्या १९०८ च्या चाचणीत बायकांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून 'यातली सुंदर कोणती' असा प्रश्न आहे, सहा वर्षांच्या मुलांसाठी. सुंदर कोण याचं बरोबर उत्तर!

अटलांटिकपलीकडे तर मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडार्ड होतेच. 'मोरॉन' हा शब्द त्यांनीच १९१० मध्ये ग्रीकमधून घडवला, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या सहायक बायका न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्यांची चाचणी घ्यायच्या. तीन मिनिटांत साठ शब्द सांगा, दुभाष्यामार्फत. अरे, ती बाई तिसऱ्या वर्गाच्या कोंदट बोटीतून समुद्र ओलांडून आलीय, पोरं कडेवर, आत घेतात की परत पाठवतात या धास्तीत उभी, आणि समोरची म्हणते शब्द सांग. गॉडार्डनी १९१७ मध्ये छापलेले आकडे, ज्यूंमधले ८३ टक्के, हंगेरियनांतले ८०, इटालियनांतले ७९ आणि रशियनांतले ८७ टक्के मंदबुद्धी. दहातले आठ! इथे कुणालाही वाटायला हवं होतं की फूटपट्टीच वाकडी आहे. उलट त्यांना आश्चर्य कशाचं, तर इतकी वर्षं जगून माणसाला साठ शब्द येऊ नयेत याचं.


कोरा कागद

मस्त चाललीये चर्चा. मला प्रश्न पडायचा की मग शब्द काढूनच टाका ना, नुसत्या आकृत्या द्या. तेही करून झालंय. रेवनच्या मॅट्रिसेस १९३८ च्या, कॅटेलने १९४० मध्ये 'संस्कृतिमुक्त' म्हणून चाचणी काढली आणि पुढे स्वतःच ते नाव पातळ करून 'संस्कृतीला न्याय्य' असं केलं. आणि गंमत बघा, जेम्स फ्लिनने जुने आकडे जमवले तेव्हा दिसलं की हॉलंडमध्ये अठरा वर्षांच्या मुलांचे रेवनवरचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत साधारण वीसने वाढलेत. रक्त तीस वर्षांत बदलत नाही, शाळा बदलते, घरातले खेळ बदलतात. ज्या चाचणीला संस्कृतीचा वाराही लागत नाही म्हणायचे, तीच सगळ्यात जास्त हलली.

कागदावरची आकृती ओळखणं हेही शिकावंच लागतं हो. रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ मध्ये झांबियातली आणि इंग्लंडमधली मुलं घेतली, नमुना बघून तसाच बनवायचा. कागद-पेन्सिल दिली तेव्हा इंग्लिश मुलं पुढे. तार वाकवून बनवायला सांगितलं तेव्हा झांबियाची मुलं पुढे, कारण ती तारेच्या गाड्या करून खेळतात. मातीत दोघं सारखी. परीक्षा एकच, फक्त हातात काय दिलं ते बदललं.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांचा. मायकेल कोल यांचा गट तिथे काम करत होता, जोसेफ ग्लिक यांनी लिहून ठेवलंय. वीस वस्तू दिल्या, खायच्या, कपडे, अवजारं, भांडी, आणि सांगितलं ज्या एकत्र जातात त्या एकत्र ठेवा. शेतकऱ्यांनी सुरी संत्र्याजवळ ठेवली, कारण सुरीने संत्रं कापतात. संशोधक हताश, त्यांना सगळ्या खायच्या वस्तू एकीकडे, सगळी अवजारं एकीकडे हवी होती, ती वरच्या पातळीची बुद्धी. शेतकरी म्हणतोय शहाणा माणूस असंच करेल. शेवटी वैतागून विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करेल? तर त्याने भराभर चार ढीग लावून दिले. खायच्या वस्तू, कपडे, अवजारं, भांडी. एकदम पुस्तकातल्यासारखे.


तिरकस

हा किस्सा मी उद्या ऑफिसात ढापणार आहे. आधीच कबुली.


संख्यावेडा

कोरा कागद, दंडवत घ्या. सुरी-संत्र्यावर माझ्याकडे उत्तर नाही.


काळाकोट

पेशाने वकील, त्यामुळे मला या आकड्यांचं कोर्टात काय होतं त्यात रस. पाटीपेन्सिल, तो सुंदर चेहऱ्यांचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका जुना नाही, तो स्टॅनफर्ड-बिनेत चालत आला आणि १९८० मध्ये शिकागोच्या खटल्यात न्यायाधीश ग्रेडी यांच्यासमोर पोचला. त्या खटल्यात त्यांनी काय केलं असेल, तर चाचण्यांमधला प्रत्येक प्रश्न, उत्तरासकट, निकालपत्रात लिहून काढला आणि एकेकावर स्वतःचं मत दिलं. पक्षपाती निघाले मोजून नऊ, त्यात हा चेहऱ्यांचा. बाकी चाचणी ठीक, वापरा म्हणाले. संख्यावेडा म्हणतात ती 'प्रश्न बघून ठरवायची' पद्धत न्यायाधीशानेच वापरली बघा.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, कॅलिफोर्नियात न्यायाधीश पेकम यांनी बरोबर उलटा निकाल दिला होता, लॅरी पी. खटल्यात. तिथे मंदगती मुलांच्या खास वर्गांचा प्रश्न होता. १९६८-६९ मध्ये राज्यातल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुलं ९ टक्के आणि त्या वर्गांत २७ टक्के. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्या फिर्यादी मुलांची परत चाचणी घेतली, घाई न करता, त्यांच्या बोलीत, आणि सगळी मर्यादेच्या वर निघाली. पेकमनी प्रश्न मोजले नाहीत, त्यांनी विचारलं की ज्या वर्गात टाकल्यावर मूल बाहेर येत नाही तिथे टाकायला हा आकडा पुरेसा आहे का.

त्याआधीचं सांगायलाच नको. १९२७ चा बक विरुद्ध बेल. व्हर्जिनियातली कॅरी बक, चाचणीत मानसिक वय नऊ, आई साधारण आठ, आणि तिची तान्ही मुलगी, तिच्याकडे नुसतं बघून 'नॉर्मल वाटत नाही' अशी साक्ष. सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी मंजूर केली. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली होती, आठव्या वर्षी आजाराने गेली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांवर लोकांच्या नसबंद्या झाल्या.

पण मला जे अजून पचत नाही ते वेगळंच आहे. २००२ मध्ये ॲटकिन्स खटल्यात ठरलं की बौद्धिक अक्षमता असलेल्याला फाशी नाही, आणि सगळं येऊन थांबलं सत्तर बुद्ध्यांकाच्या आसपास. मग काही राज्यांत सरकारी पक्षाचे तज्ज्ञ उभे राहून सांगायला लागले, आरोपी कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहे, आणि चाचण्या अशांवर अन्याय करतात हे सर्वमान्य आहे, तेव्हा त्याच्या आकड्यात थोडे गुण मिळवा. मिळवले की तो सत्तरच्या वर आणि फाशीला पात्र! ज्या पक्षपाताविरुद्ध लोक पन्नास वर्षं भांडले तोच युक्तिवाद माणसाला फासावर न्यायला. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून हे बंद केलं.

अमेरिकन फुटबॉलच्या डोक्याच्या दुखापतींच्या भरपाईत बरोबर उलटं. तिथे कृष्णवर्णीय खेळाडू मुळातच कमी पातळीवर सुरू करतो असं गृहीत धरलेलं, म्हणजे त्याचा ऱ्हास सिद्ध होणं अवघड, म्हणजे पैसे नाहीत. २०२१ मध्ये ते काढून टाकायचं ठरलं. एकीकडे गुण चढवून, दुसरीकडे अपेक्षा उतरवून, मरतो तोच.


रातकिडा

बाप रे. फाशीचं माहीत नव्हतं.


संख्यावेडा

मलाही नव्हतं. माझं वरचं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. चाचणी अंदाज बरोबर देते का, हे मी विचारत होतो. तो अंदाज कुणाच्या हातात जाणार आहे हे विचारलंच नाही. चाचण्या फेकून द्याव्यात असं मला अजूनही वाटत नाही, कारण त्या नसतील तेव्हा शिक्षकाच्या किंवा साहेबाच्या मनात येईल ते चालतं, आणि त्याचा तर तक्ताही मागे राहत नाही कुणी उलटा वाचायला. बाँडला तो तक्ता मिळाला म्हणून तर तो बोलू शकला.


कोरा कागद

अवांतर होईल पण विचारतेच. पाटीपेन्सिल, त्या पाकीटवाल्या मुलाला शेवटी किती दिलेत?


पाटीपेन्सिल

शून्य.

म्हणजे मॅन्युअलप्रमाणे तेच बसतं आणि मी मनाने गुण द्यायला लागले तर ती चाचणीच राहत नाही, संख्यावेडा यांचा मुद्दा मला रोज जगावा लागतो. पण रिपोर्टमध्ये आकड्याच्या खाली त्याचं उत्तर शब्दन् शब्द लिहिलं, अवतरण चिन्हात, आणि पुढे लिहिलं की प्रश्न समजला आहे, परिणामांचा विचार वयाच्या मानाने पुढचा आहे. शाळेतून फोन आला की तो परिच्छेद काढता येईल का, फॉर्मच्या रकान्यात बसत नाहीये. मी म्हटलं रकाना मोठा करा.


तिरकस

केला का?


पाटीपेन्सिल

वेगळा कागद टाचणीने जोडलाय म्हणाले. बघून येणार आहे सोमवारी.